लाल चिमटा

लाँड्रीची किल्ली थोरलीकडे असायची. मुकादमानं आपणहून दिली होती, कारण एकोणीस वर्षांत ही बाई एक दिवस उशिरा आली असेल तर शपथ! बाकीच्या बाया सव्वाआठला धापा टाकत जिना उतरायच्या, तोवर हिनं दिवे लावलेले, झरोके उघडलेले, टेबलं पुसून लख्ख केलेली असायची. कुणी म्हणालं, "अगं, एवढी घाई कशाला? चादरी काय पळून जातात?" की ही म्हणायची, "चादरी नाही जात, तुम्ही पळता. आल्या आल्या चहाला."

लाँड्री होती एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात. वर चार मजले आजारी माणसं, डॉक्टर, नर्सा, आणि खाली त्या सगळ्यांच्या चादरी. दिवसाला हजार-बाराशे. धुण्याच्या यंत्रातून निघाल्या की वाळायला, तिथून इस्त्रीच्या लांबलचक रुळांखालून, आणि रुळांतून गरमागरम बाहेर पडल्या की घडीला. घडीचं यंत्र तिथं नव्हतं. घडीला दोन बायाच लागायच्या, समोरासमोर उभ्या.

थोरली आणि धाकटी ही त्यातली सर्वांत जुनी जोडी. सख्ख्या सोडाच, लांबच्यासुद्धा बहिणी नव्हत्या. थोरली चार महिन्यांनी मोठी, एवढ्या भांडवलावर तिनं जे थोरलेपण घेतलं ते कायमचं. हुकूम हिनं सोडायचे, धाकटीनं "बरं बाई" म्हणायचं. दोघींची खरी नावं मुकादमाच्या हजेरीबुकात तेवढी उरली होती.

चादरीची घडी म्हणजे काय, हे एकदा समजून घ्यायला हवं. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, मागे सरून चादर ताणायची, एक झटका द्यायचा, अर्ध्यात दुमडायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. कोपऱ्याला कोपरा भिडला की एकीनं ते हातात घ्यायचे, दुसरीनं वाकून खालची घडी उचलायची. मग पुन्हा मागे, पुढची चादर. म्हणजे दर मिनिटाला दोघींची तोंडं एकमेकींपासून वीतभर अंतरावर यायची. अशी एकोणीस वर्षं! नवऱ्यानं बायकोचं तोंड इतक्या वेळा, इतक्या जवळून कधी पाहिलं असेल? छे. त्यांच्या गप्पाही तशाच तुकड्यातुकड्यांच्या. जवळ आल्यावर एकीचं एक वाक्य, उत्तर पुढच्या चादरीला. धाकटीच्या लेकीला परगावी नोकरी लागली ती गोष्ट पुरती सांगून व्हायला चाळीस चादरी लागल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या धाकटीच्या रडण्यात गेल्या.

त्या लेकीवर थोरलीचा भारी जीव. थोरलीला स्वतःचं मूल नव्हतं, आणि नवऱ्यानं केव्हाच दुसरीकडे संसार थाटला होता. धाकटीचा नवरा गेला तेव्हा पोर सात वर्षांची. तिला शाळेतून आणायचं, तापात रात्ररात्र उशाशी बसायचं, दर थंडीला मापापेक्षा दोन बोटं मोठा स्वेटर विणायचा, हे सगळं थोरलीनं न सांगता अंगावर घेतलं. पोर हिला "मावशी" म्हणायची. तो एक शब्द ऐकायला थोरली रविवारी दोन बस बदलून जायची. विचारलं तर म्हणायची, "मी कसली जाते? धाकटीचा स्वयंपाक बिघडू नये म्हणून जाते."

असं सगळं बरं चाललेलं असताना हालहवाल मॅडम आल्या.

नाव बायांनीच ठेवलेलं. हॉस्पिटलनं कामगारांचं बरं-वाईट बघायला एक नवीन बाई नेमली. तिशीची, चष्मेवाली, पायात पांढरे बूट. रोज सकाळी खाली यायची आणि विचारायची, "काय हालहवाल?" पहिल्या आठवड्यात तिनं प्रत्येकीला खुर्चीत बसवून प्रश्न विचारले. कामावर किती आनंदी आहात, एक ते दहामध्ये सांगा. थोरली म्हणाली, "शाळा सोडून चाळीस वर्षं झाली मॅडम, आता कुठे पुन्हा मार्कं? लिहा दहा. द्यायचेच तर हात कशाला आखडायचा?" धाकटीनं मात्र प्रश्न मनावर घेतला. बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, साडेसात.

"साडेसात?" पहिल्याच चादरीला थोरली म्हणाली. "मग अडीच कुठं गेले गं?"

धाकटी कोपरा हातात देत हसली. "तुझ्या तोंडाच्या पट्ट्याचे कापले."

सगळं तळघर हसलं. थोरलीही हसली, पण ते अडीच तिच्या मनात कुठंतरी अडकून राहिले. स्वभावच तसा. दुसऱ्याला फाडफाड बोलायची, आणि स्वतःला कुणी थट्टेत बोललं तरी महिनाभर चघळत बसायची.

मॅडम मनानं खरंच चांगली होती, हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. तिच्यामुळे दोन मोठे पंखे आले. पाय दुखले तर टेकायला उंच स्टुलं आली. पिण्याच्या पाण्याची टाकी आली. आणि चिमट्यांची पाटी आली. दाराशी एक लाकडी पाटी, तिच्यावर प्रत्येकीच्या नावाखाली तारेचा तुकडा, आणि शेजारी टोपलीत कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे. बरं वाटत असेल तर हिरवा लावायचा, जरा इकडंतिकडं असेल तर पिवळा, आणि त्रास होत असेल, मनाला किंवा शरीराला, तर लाल. "बोलायला संकोच वाटतो ना," मॅडम म्हणाली, "मग बोलू नका. नुसता चिमटा लावा. पुढचं मी बघेन." नऊ वाजता ती खाली यायची, वहीत नोंद करायची आणि सगळे चिमटे काढून परत टोपलीत टाकायची. लाल दिसला की त्याच दिवशी त्या बाईला वर डॉक्टरकडे नेऊन तपासायचं आणि आठ दिवस शिवणाच्या खोलीत बसून हलकं काम द्यायचं, असा नियम तिनं वरच्यांशी भांडून करून घेतला होता.

नियमात वाईट काहीच नव्हतं. पण पहिल्याच महिन्यात शेजारच्या जोडीतल्या उंच बाईनं लाल लावला. कंबर धरली होती तिची. आठ दिवसांसाठी शिवणाला गेली ती तिकडेच राहिली, तिला ते बसून काम मानवलं. मागे राहिलेल्या बुटकीची मात्र दशा झाली. रोज नवी जोडीदारीण. कुणाचा झटका जोरात, कुणाचा पाय मंद, घडी म्हणून सरळ पडेना. महिन्याभरात बुटकी काम सोडून गेली. थोरलीनं हे पाहिलं आणि धाकटीला बजावलं, "हे बघ, त्या लाल चिमट्याला हात लावायचा नाही. पिवळ्यालाही नाही. कंबर दुखली तर मला सांग, मी तेल लावून देईन." धाकटी म्हणाली, "बरं बाई."

पुढं पुढं चिमटे लावायचाच बायांना विसर पडायला लागला. तारा रिकाम्या दिसल्या की मॅडमचा चेहरा उतरायचा. थोरलीला दया आली. सकाळी सगळ्यांच्या आधी येणारी तीच, मग तिनंच सगळ्यांच्या तारांना हिरवे चिमटे लावून टाकायला सुरुवात केली. रोज एकतीस हिरवे चिमटे. कुणाला बदलायचा असला तर बदलावा की, हात कुणी धरलेत? पण लागलेला चिमटा काढायला कोण जातंय! वर्षभर पाटी हिरवीगार. हॉस्पिटलमधला सर्वांत समाधानी विभाग म्हणून लाँड्रीला प्रशस्तिपत्र मिळालं, आणि भिंतीवर लावायला एक घड्याळ. मॅडमनं टाळ्या वाजवल्या. बायांनी एकमेकींकडे बघितलं आणि त्याही टाळ्या वाजवायला लागल्या. थोरली धाकटीच्या कानात म्हणाली, "बघ, समाधान माझं आणि घड्याळ सगळ्यांना."

तर अशी ती हिरवी पाटी.

त्या सोमवारी घड्या तिरक्या पडत होत्या. एक नाही, दोन नाही, सकाळपासून वीसेक चादरी परत उलगडायला लागल्या. धाकटीचा डावा कोपरा सारखा खाली जात होता. थोरली आधी गप्प राहिली, मग तिनं "नीट धर" म्हटलं, मग तिचा पारा चढला. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, ती म्हणाली, "हातात जीव नाही का तुझ्या? का माझ्याबरोबर कामच करायचं नाही? तसं असेल तर सांग, मी दुसरी बघते!"

एरवी धाकटी काहीतरी म्हणायची, हसायची, पट्टा चालू झाला म्हणायची. त्या दिवशी तिनं नुसतं बघितलं आणि उरलेला दिवस कोपऱ्याला कोपरा लावत राहिली. संध्याकाळी जाताना "येते" सुद्धा म्हणाली नाही. थोरली घरी जाऊन जेवली नाही. चूक आपली आहे हे तिला कळत होतं, पण माफी मागायची कशी हे तिला या वयापर्यंत कुणी शिकवलं नव्हतं.

मंगळवारी नवाला दहा कमी असताना थोरली पाणी प्यायला दाराशी गेली आणि तिनं पाटीकडे सहज पाहिलं. तीस हिरवे, आणि धाकटीच्या तारेला लाल.

हिनं लावला? आपल्या धाकटीनं? मागोमाग मनात आलं ते सोमवारचं भांडण. रुसलीय. माझ्यावर रुसून लाल लावलाय. माझ्यापासून सुटायचंय हिला, शिवणाच्या खोलीत जाऊन बसायचंय. ते अडीच मार्क काही थट्टेचे नव्हते तर! थोरलीचे डोळे भरून आले, आणि रागही आला, आणि त्या रागाच्या खाली भीती होती. आठ दिवसांसाठी गेलेली उंच बाई परत आली नव्हती. ही गेली तर आपण कुणाकडे चालत जायचं?

आजूबाजूला कुणी नव्हतं. तिनं लाल चिमटा काढला, टोपलीत टाकला, हिरवा लावला आणि तोंड पुसून कामाला आली. मनात म्हणाली, चार दिवसांत राग जाईल तिचा, मग मलाच हसेल. नऊ वाजता मॅडम आल्या, एकतीस हिरवे लिहून घेतले आणि चिमटे काढून टाकले.

धाकटीचं लक्ष दिवसभर जिन्याकडे होतं. पावलं वाजली की मान वळायची. थोरलीला ते दिसत होतं, आणि प्रत्येक वेळी तिला वाटत होतं, बघा कशी वाट बघतेय जायची! चारच्या सुमाराला, कोपऱ्याला कोपरा भिडला तेव्हा, धाकटीनं हळूच विचारलं, "मला कुणी बोलावलं होतं का गं?"

"तुला कोण बोलावतंय?" थोरली म्हणाली. "काम कर."

पुढच्या चादरीला धाकटी म्हणाली, "नसेल तेवढं काही मग." आणि ते कशाबद्दल होतं, हे थोरलीनं विचारलं नाही.

बुधवारी सकाळी तारेला थोरलीनं लावलेला हिरवा होता, तो धाकटीनं तसाच राहू दिला.

गुरुवारी थोरलीचा राग उतरला. रात्री विचार करून करून तिनं ठरवलं होतं की उद्या बोलायचं. अकरा वाजले असतील. चादर ताणली, झटका दिला, अर्ध्यात दुमडली आणि दोघी एकमेकींकडे निघाल्या. जवळ आल्यावर काय म्हणायचं ते थोरलीनं तयार ठेवलं होतं: रविवारी येते गं, तुझ्या हातचं खाऊन लई दिवस झाले. एवढंच. माफी म्हणजे तिच्या लेखी एवढीच. पण तीन पावलं राहिली असताना चादरीतली ओढ एकदम गेली. थोरलीचं टोक जमिनीवर आलं. "अगं, धर की!" ती खेकसली.

धाकटीनं ऐकलेलं शेवटचं वाक्य ते.

वर चार मजले डॉक्टर असलेल्या इमारतीत ती कोसळली. तीन मिनिटांत स्ट्रेचर आलं, लिफ्टनं वर नेली, काय काय लावलं, दाबलं. काही उपयोग झाला नाही. एक पोरसवदा डॉक्टर बाहेर आला आणि हिलाच बहीण समजून म्हणाला, "तीन-चार दिवस तरी दुखत असणार यांना. डावा हात जड पडला असेल. वेळेवर आल्या असत्या तर बरंच काही करता आलं असतं हो. कुणालाच बोलल्या नाहीत का?"

थोरली भिंतीला धरून उभी राहिली. डावा हात. डावा कोपरा. हातात जीव नाही का तुझ्या.

*

दोन आठवड्यांनी धाकटीची लेक आईचं सामान न्यायला आली. सामान कसलं? एक कंगवा, एक मग, सपाता, आणि चष्मा. थोरलीनं ते सगळं पुसून ठेवलं होतं, बाकीचं पिशवीत आणि चष्मा फुटू नये म्हणून बाहेर टेबलावर. लेक जिना उतरून आली, तिनं आधी थोरलीला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "मावशी, आता मला तूच गं."

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांचेही डोळे सुजलेले. त्यांनी बिचाऱ्यांनी वर्षभराच्या नोंदींचा कागद छापून आणला होता, पोरीला तेवढाच दिलासा म्हणून. "बघ," त्या म्हणाल्या, "तुझी आई इथं सुखात होती. एकही दिवस असा नाही की—"

लेकीनं कागद घेतला आणि बोट फिरवत खाली आली. शेवटच्या आठवड्यावर तिचं बोट थांबलं.

"मंगळवारी हिरवा?"

"हो. मी स्वतः नऊ वाजता लिहिलंय."

"नीट बघा मॅडम. मंगळवारी लाल असणार."

"नाही गं. हिरवाच होता."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. थोरलीकडे वळून ती म्हणाली, "मावशी, सोमवारी रात्री आईचा फोन आला होता. छातीत जळजळतंय, हात उचलत नाही म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा. तर म्हणते, वर सांगायचं कसं, लाज वाटते. मी म्हटलं, अगं, मग तो चिमटा कशासाठी आहे? उद्याच्या उद्या लाल लाव, ते बघतील. मंगळवारी विचारलं, लावलास? म्हणाली, लावला गं, बोलावतील आता. मला वाटलं, हॉस्पिटलातच आहे, लक्ष देतील. म्हणून मी आले नाही. मी आले नाही मावशी!" तिचा आवाज चिरकला. "आयुष्यभर हेच केलं तिनं. ताप असला तरी म्हणे काही नाही. पोटात अन्न नसलं तरी म्हणे जेवले. आणि शेवटीसुद्धा माझ्याशी खोटंच बोलली! काय म्हणून रडू मी तिच्यासाठी?"

तिनं कागद टेबलावर फेकला, पिशवी उचलली आणि जिना चढून गेली. घाईत चष्मा टेबलावरच राहिला.

थोरली जागची हलली नाही. मॅडम रडत होत्या, रूळ चालू होते, दोन बाया चादर धरून तशाच थांबल्या होत्या. आता गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. तिच्या आणि त्या पाटीच्या मध्ये कुणी साक्षीदार नव्हता. गप्प बसलं तर पोर आपली राहील, मावशी म्हणत राहील, रविवारी फोन करील. फक्त आईला खोटारडी समजून जगेल. आणि बोललं तर? एकोणीस वर्षांतलं एवढं एकच माणूस उरलं होतं, तेही हातचं जाणार. हे सगळं तिला एका क्षणात लख्ख दिसलं. मग तिनं चष्मा उचलला आणि त्या वयात, त्या गुडघ्यांनी, जिना धावत चढली.

लेक फाटकाशी बसची वाट बघत उभी होती. थोरलीला धाप लागली होती. चष्मा पुढं करत ती म्हणाली, "तुझी आई खोटं बोलली नाही."

"मावशी, राहू दे आता—"

"लाल लावला होता तिनं. मी पाहिला. मी काढला, पोरी. या हातानं काढला आणि हिरवा लावला."

पोरीनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मला वाटलं, माझ्यावर रुसली. आदल्या दिवशी मी तिला टाकून बोलले होते, हात नीट धरत नाही म्हणून. मला वाटलं, मला सोडून दुसऱ्या खोलीत जायला बघतेय. मी तिला जाऊ द्यायचं नाही म्हणून काढला. दिवसभर ती जिन्याकडे बघत होती. मला विचारलं तिनं, मला कुणी बोलावलं का म्हणून. मी म्हटलं, काम कर." थोरलीचा आवाज फुटला. "मी म्हटलं, काम कर."

बस आली, माणसं चढली, बस गेली. लेक तिथंच उभी.

"म्हणजे आईनं लावला होता," शेवटी ती म्हणाली.

"लावला होता."

"माझं ऐकलं होतं तिनं."

"ऐकलं होतं गं."

आणि मग पोर रडली. आई गेल्यापासून रागानं अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं, रस्त्यात, लोकांसमोर, तोंड उघडं टाकून ती लहान असताना रडायची तशी रडली. थोरलीचा हात आपोआप पुढं गेला, सात वर्षांच्या पोरीचं डोकं थोपटायला जायचा तसाच. लेक एक पाऊल मागे सरली.

"नको," ती म्हणाली. "हात नका लावू मला."

तिनं चष्मा घेतला, पिशवीत नीट कंगव्याशेजारी ठेवला आणि पुढच्या थांब्याकडे चालत गेली. थोरली तिच्या पाठीकडे बघत राहिली. लेकीच्या अंगात मागच्या थंडीतला स्वेटर होता. बाह्या अजूनही दोन बोटं लांबच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीनं किल्ली लावली, दिवे लावले आणि पाटीसमोर उभी राहिली. एकही हिरवा लावला नाही. फक्त स्वतःच्या तारेला लाल लावला. नऊ वाजता मॅडम आल्या तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं, मंगळवारचं आणि वर्षभराच्या हिरव्यांचंही. मॅडम स्टुलावर बसल्या. एका वर्षाच्या वहीतलं काय खरं आणि काय थोरलीनं लावलेलं, हे आता कुणाला सांगता येणार होतं? मग त्यांनी भिंतीवरचं घड्याळ स्वतःच्या हातानं उतरवलं. "मी कधी वर मान करून तुमच्या तोंडाकडे बघितलंच नाही हो," त्या म्हणाल्या. "पाटीकडेच बघत राहिले."

"ते जाऊ द्या," थोरली म्हणाली. "तिचा मंगळवार तेवढा लाल करा."

मागची नोंद बदलायची मुभा नव्हती. मॅडमनं तरी बदलली. लाल शाईनं गोल केला, शेजारी काय घडलं ते दोन ओळींत लिहिलं, खाली स्वतः सही केली, थोरलीची घेतली, आणि त्याची प्रत, सोबत थोरलीच्या लाल चिमट्याबद्दल एक ओळ लिहून, पोरीच्या पत्त्यावर पाठवली. मुकादमानं थोरलीकडून किल्ली काढून घेतली. तिनं ती न मागताच पुढं केली होती.

नियमाप्रमाणं तिला वर नेऊन तपासलं. तोच पोरसवदा डॉक्टर. त्यानं नाडी पाहिली, छातीला वायरी लावल्या, कागद निघाला तो वाचला आणि म्हणाला, "मावशी, हृदय अगदी ठणठणीत आहे तुमचं. मग लाल कशाला लावलात?" थोरली पदर सावरत खाली आली आणि आठ दिवसांच्या हलक्या कामाला शिवणाच्या खोलीत जाऊन बसली, फाटक्या चादरींना ठिगळं लावायला. हातानं एकटीनं करायचं काम. कुणाकडे चालत जायला लागत नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी, मधल्या सुट्टीत, तिचा फोन वाजला. नाव बघून तिनं सुई बाजूला ठेवली.

"कागद मिळाला," लेक म्हणाली.

"बरं झालं."

मागं कुठंतरी माणसांचा आवाज येत होता, पोर कामावरूनच बोलत असावी. मग तिनं विचारलं, अगदी परक्या माणसाला विचारावं तसं, "मॅडमनी लिहिलंय, तुम्ही लाल लावलात. तपासलं का? काही दुखतंय का तुम्हाला?"

थोरलीच्या ओठांवर ते जुनं उत्तर आलंच होतं. काही नाही, मला काय धाड भरलीय! तेच म्हणत जन्म गेला होता, तिचाही आणि धाकटीचाही. तिनं मांडीवरची चादर मुठीत धरली.

"दुखतंय गं," ती म्हणाली. "लई दुखतंय."

पलीकडून काही उत्तर आलं नाही. मावशी असंही पोर म्हणाली नाही. सुट्टी संपल्याची घंटा झाली, बाया आत आल्या, आपापल्या जागी बसल्या, शिवणाची यंत्रं सुरू झाली. थोरली फोन कानाला लावून तशीच बसून राहिली, कारण पलीकडून तो अजून कुणी ठेवला नव्हता.